आजोबांची शिकारी रायफल: किंमत कशी ठरते आणि ती कायदेशीरपणे कशी विकायची?

समजा, गावाकडच्या वाड्याची आवराआवर सुरू आहे. माळ्यावरून एक लांबट चामडी पेटी खाली येते. आत मखमलीच्या खाचेत निजलेली रायफल, पितळी झाकणाची तेलाची कुपी, नळी साफ करायची काठी आणि एका डबीत दहा-बारा काडतुसं. नळीवर लंडनचा पत्ता कोरलेला. कोणीतरी लगेच फोटो काढतं आणि घरच्या ग्रुपवर टाकतं. अर्ध्या तासात कोणी म्हणतं, "ही अँटिक आहे, कोटीला जाईल." दुसरा म्हणतो, "शंभर वर्षं झाली, आता लायसन लागत नाही." तिसऱ्याला लगेच गिऱ्हाईकही सापडतं.

या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा चुकीच्या निघतात, आणि त्यांच्यावर विसंबून राहिलेलं कुटुंब पैशांऐवजी गुन्ह्याच्या फेऱ्यात सापडू शकतं. भारतात जुन्या शिकारी रायफलची किंमत आधी तिच्या कागदपत्रांवर ठरते. मेकर, बोर आणि नक्षीकाम यांचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून या लेखात आधी कायदा पाहू, मग किंमत, आणि शेवटी विक्री.

रायफल कोणाच्या नावावर आहे?

भारतात बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो. परवाना माणसाला मिळतो आणि त्या परवान्यावर विशिष्ट बंदुकीची नोंद असते. तो माणूस गेला की घरातल्या इतरांना ती बंदूक आपोआप बाळगता येत नाही. घर, शेत, दागिने वारसांकडे येतात तशी रायफलची मालकी येऊ शकते, पण ताबा ठेवण्याचा अधिकार वेगळा आणि तो परवान्याशिवाय मिळत नाही.

याच कायद्याचं कलम २१ सांगतं की एखाद्या व्यक्तीकडे शस्त्र असणं कायदेशीर राहिलं नाही, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. परवानाधारकाचा मृत्यू झाला की नेमकी हीच वेळ येते. काडतुसांनाही हाच नियम आहे. ड्रॉवरमध्ये सापडलेली जुनी दोन काडतुसं "आठवण" म्हणून शोकेसमध्ये ठेवता येत नाहीत.

इथे एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. जमा केलेली बंदूक कायम तुमचीच राहते असं नाही. ठरवून दिलेल्या मुदतीत वारसांनी ती परत मिळण्यासाठी परवाना घ्यायचा असतो किंवा पात्र व्यक्तीला ती विकायची असते. विक्रीचे पैसे वारसांनाच मिळतात. पण मुदतीत काहीच केलं नाही, तर नोटीस देऊन जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. "पोलिसांकडे आहे ना, बघू पुढच्या वर्षी" म्हणत बसलेल्या घरांच्या चांगल्या चांगल्या रायफली अशाच हातच्या जाऊ शकतात. म्हणून जमा करताना पोच घ्यायची. त्यावर मेकरचं नाव, क्रमांक, बोर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्यायची.

आणि जमाच केली नाही तर? विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. बंदूक 'प्रोहिबिटेड बोर'ची निघाली, तर शिक्षा ७ ते १४ वर्षं. "आजोबांची होती, आम्हाला माहीतच नव्हतं" हे वाक्य न्यायालयात कितपत चालेल, यावर कोणी भरवसा ठेवू नये.

वारसांपुढे कोणते मार्ग आहेत?

पहिला मार्ग म्हणजे वारसाने स्वतःच्या नावावर परवाना घेणे. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे. मृत्यू दाखला, मूळ परवाना आणि बाकीच्या वारसांची ना हरकत ही यातली मुख्य कागदपत्रं. परवानाधारक हयात असतानाही हे करता येतं: त्याने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा ती बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर तो एखाद्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. घरात वयस्कर परवानाधारक असेल, तर हा विषय त्यांच्यासमोर काढायला संकोच वाटतो. पण पुढची सगळी धावपळ त्यातूनच वाचते.

इथे संख्येची मर्यादा लक्षात ठेवायची. २०१९ पर्यंत एका व्यक्तीला ३ बंदुका ठेवता येत होत्या, आता फक्त २. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही ही मर्यादा लागू आहे. पणजोबांच्या चार रायफली एकाच नातवाच्या नावावर करता येत नाहीत.

दुसरा मार्ग विक्रीचा, तो पुढे सविस्तर पाहू. तिसरा म्हणजे रीतसर परवानगी असलेल्या संग्रहालयाला देणे, आणि चौथा म्हणजे सरकारजमा करणे.

अर्ज कुठे करायचा? मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, आणि इतर ठिकाणी जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात.

'१०० वर्षं जुनी म्हणजे परवाना नको' हे खरं आहे का?

नाही. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं, अशी त्यात अट आहे. १९१० साली बनलेली, नळी स्वच्छ असलेली आणि काडतूस घातलं की उडणारी रायफल कितीही जुनी असली तरी या सुटीत बसत नाही.

२०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून 'क्युरिओ' या गटातली शस्त्रं बाळगण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्यातून सूट दिली. मात्र अशी शस्त्रं वापरण्यासाठी, बरोबर बाळगून फिरण्यासाठी किंवा वाहून नेण्यासाठी परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्यांच्यासाठी काडतुसं मिळत नाहीत. आपली बंदूक या गटात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवायचं नसतं. परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यायचं. ठासणीची बंदूक आणि काडतुसाची रायफल यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडू शकतो.

काही जण आणखी एक उपाय करतात: गावातल्या लोहाराकडे नेऊन नळीत शिसं ओतून घ्यायचं किंवा नळी कापून घ्यायची. हा उपाय अजिबात करू नये. बंदुकीची नळी आखूड करणे हाच परवान्याशिवाय गुन्हा आहे. शिवाय अशा एका घावाने जुन्या रायफलची संग्राहकाच्या लेखी असलेली किंमत जवळपास संपते.

ही रायफल नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

बंदूक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा असतानाही हे काम करता येतं. परवान्यावरच्या नोंदी आणि विक्रेत्याच्या मदतीने घेतलेले नळी, लॉक आणि दस्त्याचे स्वच्छ फोटो एवढं पुरतं.

नळीवरचं नाव वाचा, पण तेच बनवणाऱ्याचं आहे असं गृहीत धरू नका. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, जॉन रिग्बी, डब्ल्यू. जे. जेफ्री आणि बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स ही नावं मोठी. मात्र ब्रिटिश काळात कोलकात्याच्या रॉडा किंवा मँटन यांसारख्या दुकानांतून आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून विकल्या गेलेल्या बऱ्याच बंदुकांवर दुकानाचं नाव असे, तर बनावट बर्मिंगहॅमच्या कारागिरांची असे. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. अशा बंदुका वाईट नसतात, पण त्यांना मोठ्या मेकरचा भाव मिळत नाही.

मग अनुक्रमांक पाहा. जुन्या ब्रिटिश मेकरांनी प्रत्येक बंदुकीची नोंद वहीत ठेवलेली असते: ती कधी पूर्ण झाली, कोणत्या बोरची होती, कोणासाठी बनवली. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या कंपन्या आजही चालू आहेत आणि क्रमांकावरून या वह्यांतली माहिती काढून देतात. अमेरिकन विंचेस्टर रायफलींच्या जुन्या नोंदी वायोमिंग राज्यातल्या कोडी इथल्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये आहेत. तिथून मिळणारं पत्र संग्राहक प्रमाण मानतात.

तिसरी खूण म्हणजे नळीच्या तळाशी असलेले प्रूफ मार्क. ब्रिटनमध्ये बंदूक विक्रीला जाण्याआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून तपासली जायची आणि मग तिच्यावर शिक्के पडायचे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालचं, लंडनचं त्याहून जुनं. या शिक्क्यांवरून नळी काळ्या दारूसाठी आहे की कॉर्डाइटसारख्या धूरविरहित दारूसाठी, हे कळतं. किती दारू आणि किती वजनाची गोळी, हेही अनेकदा कोरलेलं असतं; .४७० नायट्रो एक्सप्रेसच्या रायफलीवर ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी असे आकडे दिसतात. काळ्या दारूच्या नळीत आधुनिक काडतूस घालणं म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण. "एकदा उडवून बघू, चालते का" हा मोह म्हणूनच टाळायचा.

क्रमांक किंवा मेकरचं नाव घासून काढलेलं असेल, तर तिथेच थांबा आणि वकिलाला भेटा. ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकता येत नाही आणि चिन्ह खोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

बोरला एवढं महत्त्व का?

भारतात रायफलचं भवितव्य बोरवर ठरतं. लष्कर आणि पोलीस वापरतात ती काडतुसं ज्या बंदुकीत चालतात, त्या बंदुका 'प्रोहिबिटेड बोर' धरल्या जातात. .३०३ हे त्याचं ठळक उदाहरण. ब्रिटिश काळात .३०३ च्या देखण्या शिकारी रायफली अनेकांनी घेतल्या. आज त्यांच्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते, त्यामुळे खुल्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक जवळपास नसतंच.

याच कारणाने इशापूरच्या सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी .३१५ बोरची रायफल बनू लागली. दिसायला ती .३०३ च्या घराण्यातली, पण काडतूस वेगळं. .३१५, .३०-०६, .२२ आणि बारा बोर यांची काडतुसं देशात बनतात, म्हणून या बोरच्या बंदुकांना मागणी राहते. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना या कामासाठी जुना आणि नावाजलेला. तिथल्या काडतुसांवर 'केएफ' ही अक्षरं दिसतात.

आता उलट बाजू पाहा. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ साली आलं, .४१६ रिग्बी १९११ साली. जगभरातल्या शिकाऱ्यांमध्ये ही नावं आदराने घेतली जातात. पण भारतात त्यांची काडतुसं मिळणं अवघड आणि महाग. परवान्यावर दोनच जागा असलेला माणूस त्यातली एक जागा अशा रायफलसाठी देईल का, हा खरा प्रश्न. म्हणून इथे कधी कधी साध्या .३०-०६ ला चटकन गिऱ्हाईक मिळतं आणि थोर घराण्यातली मोठी रायफल विक्रेत्याच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते.

बोरमागे इतिहासही असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने भारतात .४५० बोरच्या रायफलींवर बंदी आणली. त्या काळी मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफली आणि त्यांचं .४५० चं सामान चुकीच्या हातांत पडलेलं होतं आणि त्याचा उपयोग बंडखोरांना होईल अशी सरकारला भीती होती. मग मेकरांनी भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी .४७०, .४६५, .४७५ असे शेजारचे बोर काढले. आपल्या घरातल्या रायफलचा बोर असा विचित्र का, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

अवस्था पाहताना काय पाहतात?

दुकानदार पहिल्यांदा नळीतून उजेडाकडे पाहतो. आतल्या वळणदार खाचा धारदार आहेत की झिजल्या आहेत, खड्डे पडलेत का, हे त्याला पाहायचं असतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत राहायचे आणि हवेतला ओलावा शोषून घ्यायचे. उडवल्यावर गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर काही दिवसांतच गंज चढे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळी हवेत चाळीस वर्षं चामडी पेटीत राहिलेली बंदूक बाहेरून चकचकीत आणि आतून खाल्लेली असू शकते. कारण चामडंही ओलावा धरून ठेवतं.

त्यानंतर मूळपणा. दस्ता कापून आखूड केलाय का, मागे रबर बसवलंय का, दुर्बिणीसाठी नवी भोकं पाडलीत का, नळीला नव्याने निळं काळं केलंय का. संग्राहकाला झिजलेला पण मूळ रंग हवा असतो. म्हणून विकायच्या आधी "जरा पॉलिश करून घेऊ" हा विचार घात करतो. पितळ घासून चमकवू नका, दस्त्याला वार्निश लावू नका. जे आहे ते तसंच दाखवा.

दोन नळ्यांची रायफल असेल, तर गोष्ट वेगळीच. दोन नळ्या शेजारी जोडल्या की त्यांच्या गोळ्या आपोआप एकाच जागी लागत नाहीत. कारागीर निशाण्यावर गोळ्या झाडून पाहतो, जोड तापवून नळ्या किंचित सरकवतो, पुन्हा झाडतो, आणि दोन्ही एका जागी येईपर्यंत हे चालू ठेवतो. तेही एकाच ठराविक काडतुसासाठी. या हातकामामुळे अशा रायफली तेव्हाही महाग होत्या आणि आजही आहेत.

पेटी, मूळ लेबल, साफसफाईचं साहित्य, किल्ल्या, जास्तीचे साइट, हे सगळं एकत्र असेल तर त्याचा भाव वेगळा. पेटी बायकोच्या माहेरी, काठी माळ्यावर आणि किल्ली हरवलेली, असं असेल तर आधी सगळं एकत्र करा.

कोणाची होती, याला किंमत असते का?

असते, पण पुराव्यासह. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. घडणीने ती माउझर पद्धतीची, त्या काळातल्या अनेकांसारखी. पण तिच्यावर ती भेट सांगणारी चांदीची पट्टी आहे. रिग्बी कंपनीने २०१५ मध्ये ती मिळवली आणि २०१६ मध्ये भारतात आणून लोकांना दाखवली. त्याच वर्षी बनलेली, त्याच बोरची, पट्टी नसलेली रायफल तिच्या शेजारी ठेवली, तर दोघींत तांत्रिक फरक फारसा नसेल. किमतीतला फरक मात्र प्रचंड असेल.

आपल्या घरात संस्थानिकांचा संबंध सांगितला जातो: "ही कोल्हापूरच्या महाराजांनी पणजोबांना दिली." खरं असेलही. पण विकत घेणारा विचारतो की कोरीव अक्षरं आहेत का, पत्र आहे का, फोटो आहे का, मेकरच्या वहीत नाव आहे का. यातलं काहीच नसेल तर ती घरातली गोष्ट राहते, किमतीत तिची भर पडत नाही. म्हणून जुनी बिलं, जुने परवाने, शिकारीच्या डायऱ्या, फोटो रद्दीत घालू नका.

परदेशातल्या लिलावाचे आकडे आपल्याला का लागू होत नाहीत?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या रॉक आयलंड ऑक्शनमध्ये विंचेस्टरच्या १८८६ मॉडेलची एक रायफल १२ लाख डॉलरच्या वर गेली. ती होती अनुक्रमांक १ ची, आणि जेरोनिमो या अपाची नेत्याला पकडण्याच्या मोहिमेतल्या कॅप्टन हेन्री लॉटन यांना भेट मिळालेली. अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि प्रत्येकाला आपली विंचेस्टर आठवते. त्याच मॉडेलच्या साध्या रायफली या रकमेच्या जवळपासही जात नाहीत, हे बातमीत नसतं.

तिकडे साल बदललं तरी भाव बदलतो. विंचेस्टरचं मॉडेल ७० हे १९३६ साली आलं. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने घडण बदलली. तेव्हापासून '१९६४ पूर्वीची' हा शब्दच संग्राहकांचा शिक्का झाला. अशा बारकाव्यांना किंमत देणारा मोठा, कायदेशीर, मोकळा बाजार तिकडे आहे.

भारतातून बंदूक परदेशी पाठवायला शस्त्र कायद्याखाली निर्यातीचा परवाना लागतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू आणि कलावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे जुनेपणाने जी किंमत तिकडे वाढते, त्याच जुनेपणाने इथून बाहेर जायची वाट बंद होऊ शकते. लंडनच्या लिलावातला आकडा पाहून घरातल्या वाटण्या ठरवू नका.

मग भारतात भाव ठरतो कसा?

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून, मोजके अपवाद सोडले तर, सर्वसामान्य परवानाधारकांना परदेशातून बंदुका आणता येत नाहीत. त्यामुळे देशात आधीच असलेल्या परदेशी बंदुकांची संख्या वाढत नाही. हे भाव वर ढकलणारं कारण. दुसरीकडे परवाने कमी, एका माणसाला दोनच बंदुका, शिकार बंद आणि काडतुसांची टंचाई. हे भाव खाली ओढणारं कारण. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत पहिलं कारण जिंकतं, म्हणून परदेशी पिस्तुलांचे अवाच्या सवा भाव ऐकू येतात. मोठ्या बोरच्या शिकारी रायफलींच्या बाबतीत अनेकदा दुसरं जिंकतं.

यासाठी छापील दरपत्रक नाही. किमान तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या, शक्यतो वेगवेगळ्या शहरांतून. प्रत्येकाला दोन आकडे विचारा: तुम्ही स्वतः विकत घेतली तर किती द्याल, आणि गिऱ्हाईक शोधून विकून दिली तर मला किती मिळतील. पहिला आकडा कमी असतो, कारण दुकानदाराचे पैसे अडकतात. दुसरा जास्त असतो, पण थांबावं लागतं, आणि तोपर्यंत साठवणुकीचं भाडं चढत राहतं. भाडं महिन्याला किती, ते कोण भरणार, हे आधीच लिहून घ्या. कमी किमतीच्या बंदुकीचं भाडं काही वर्षांत तिच्या किमतीलाच गाठतं.

विक्रीची प्रक्रिया

१. रायफल कायदेशीर ताब्यात आहे, म्हणजे जमा आहे किंवा वारसाच्या परवान्यावर आहे, याची खात्री करा. सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या.

२. घेणाऱ्याचा परवाना तपासा. तो चालू आहे का, त्यावर राष्ट्रीय नोंदीचा यूआयएन क्रमांक आहे का, त्या प्रकारच्या बंदुकीसाठी जागा शिल्लक आहे का, खरेदीची मुदत संपली आहे का. घेणारा २१ वर्षांखालचा असता कामा नये.

३. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक पात्र व्यक्तीला विकता येते. त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. त्याआधी रायफल द्यायची नाही.

४. वारसाकडे स्वतःचा परवाना नसेल, तर विक्रेत्यामार्फत व्यवहार करणं सोपं आणि सुरक्षित. जमा पावती, मृत्यू दाखला आणि परवाना प्राधिकाऱ्याची परवानगी यांवर तो व्यवहार करतो.

५. पैसे बँकेतून घ्या. पावतीवर मेकर, बोर, क्रमांक लिहा. घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद झाल्याची प्रत आणि आपल्या परवान्यावरून नोंद कमी झाल्याची प्रत जपून ठेवा. पुढे कधी त्या रायफलीचा गैरवापर झाला, तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

६. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल, तर वाहतुकीची परवानगी वेगळी लागते. बॅगेत घालून रेल्वेने नेणं, कुरिअर करणं हे विषयच काढू नका.

सोशल मीडियावर काय करू नये?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामने २०१६ मध्येच खासगी व्यक्तींमधल्या बंदूक विक्रीच्या पोस्टवर बंदी घातली. "अँटिक पीस, फक्त सिरियस गिऱ्हाइकांनी इनबॉक्समध्ये या" अशी पोस्ट टाकली की दोनच प्रकारचे लोक हमखास येतात: ज्यांच्याकडे परवाना नाही ते, आणि आगाऊ रक्कम मागून गायब होणारे. शिवाय घराच्या पत्त्यासह बंदुकीचा फोटो म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. क्रमांक दिसेल असा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ओळख पटवायला मदत हवी असेल, तर परवानाधारक विक्रेत्याला किंवा मेकरला थेट लिहा.

लग्नात, वरातीत "आजोबांची रायफल एकदा वाजवू" म्हणून रील बनवणाऱ्यांसाठीही २०१९ च्या दुरुस्तीत तरतूद आहे. निष्काळजीपणे आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत तुरुंगवास, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

भिंतीवरच्या कातड्याचं काय?

रायफलीबरोबर त्याच घरात वाघाचं कातडं, सांबराची शिंगं, बिबट्याचं मुंडकंही सापडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची शिकारही बंद झाली. या वस्तू बाळगण्यासाठी वन विभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं. त्यांची विक्री करता येत नाही. "रायफल आणि कातडं एकत्र घ्या, सेट आहे" असा व्यवहार केला, तर कायदेशीर असलेली रायफलही त्या गुन्ह्यात अडकते. दोन्ही विषय वेगळे ठेवा, आणि कातड्यासाठी थेट वन विभागाशी बोला.

विकायची नसेल तर?

अनेक घरांना पैसे नको असतात, फक्त आठवण हवी असते. मग घरातल्या एखाद्याने परवाना घ्यावा आणि रायफल तेल लावून, चामडी पेटीबाहेर, कोरड्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. तेही शक्य नसेल तर संग्रहालयाचा विचार करता येतो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रं आणि शिकारीच्या काळाच्या खुणा आजही लोक पाहायला येतात. तिथे गेल्यावर लक्षात येतं की अशा वस्तूंची गोष्ट घराबाहेरही सांगता येते.

आणि घरातला परवानाधारक आज हयात असेल, तर या आठवड्यात एकच काम करा. त्यांच्याजवळ बसा, परवाना बाहेर काढा, मुदत कधीची आहे ते पाहा, त्यावरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे ना ते तपासा, आणि ती कुठून आली, कोणी दिली, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. पुढे रायफल ठेवायची असो की विकायची, तुमच्या हातात हे लिहिलेलं असेल आणि परवाना चालू असेल, तर बाकीचं काम निम्म्याहून सोपं झालेलं असतं.